फॉन विलेब्रांड रोग

रक्त गोठण्यास आवश्यक असलेल्या फॉन विलेब्रांड घटक या प्रथिनाच्या कमतरतेमुळे किंवा सदोषतेमुळे होणारा आनुवंशिक रक्तस्रावी विकार. फिनलंडचे वैद्य एरिक फॉन विलेब्रांड यांनी ऑलंड बेटांवरील पाच वर्षांच्या एका मुलीला १९२४ मध्ये तपासले आणि तिच्या नातलगांची माहिती जमवून १९२६ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. हिमोफिलिया प्रामुख्याने पुरुषांत आढळतो, या घराण्यात मात्र स्त्रियाही आजारी होत्या, हे त्यांनी अचूक हेरले. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीतील रक्तस्रावाने दगावली.

रक्तवाहिनी फाटली की हे प्रथिन तिच्या उघड्या पडलेल्या भिंतीला चिकटते आणि वाहत्या रक्तातील बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, तेथे धरून ठेवते. शिवाय गोठणप्रक्रियेतील आठव्या घटकाला ते अकाली नष्ट होऊ देत नाही. त्यामुळे ते कमी पडले की नाक, हिरड्या आणि गर्भाशय यांच्या अस्तरांतून होणारा स्राव लवकर थांबत नाही.

घोळणा वारंवार फुटला तर ‘उष्णता झाली’ म्हणून कांदा हुंगवला जातो आणि पाळीत अंगावरून फार जात असेल तर ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असे जाते’ असे आई सांगते. वास्तविक आईचे हेच वाक्य आनुवंशिकतेचा पुरावा असू शकते. पाळी सात दिवसांहून अधिक लांबणे, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे आणि मोठ्या गाठी पडणे या लक्षणांसोबत दात काढल्यावर रक्त न थांबल्याचा इतिहास असेल, तर केवळ लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही.

रोगाचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात प्रथिन कमी असते, दुसऱ्यात ते सदोष असते आणि तिसऱ्यात जवळजवळ नसतेच. तिसरा, सर्वांत तीव्र प्रकार सहसा आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यास होतो, म्हणून मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत असलेल्या महाराष्ट्रातील समाजांत त्याची शक्यता वाढते.

बिंबाणूंची संख्या व नेहमीच्या गोठण-चाचण्या पुष्कळदा निर्दोष येतात, त्यामुळे या प्रथिनाची पातळी व कार्य स्वतंत्रपणे मोजावे लागते; गरोदरपण, ताप किंवा मानसिक ताण यांमुळे ती पातळी तात्पुरती वाढत असल्याने चाचणी पुन्हा करणे इष्ट ठरते. पहिल्या प्रकारात शरीरातील साठा रक्तात सोडवणारे डेस्मोप्रेसिन बहुधा उपयोगी पडते, तिसऱ्यात मात्र हे प्रथिन असलेले घटक शिरेतूनच द्यावे लागतात. जड पाळीसाठी ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आणि संप्रेरकांच्या गोळ्या वापरतात, तर बिंबाणूंचे कार्य मंदावणारी ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके टाळतात.