टीव्ही घ्यायला निघालात? खोक्यावरच्या एचडी, फोर-के, एचडीआरचा अर्थ आधी समजून घ्या

सोयाबीनचे पैसे हातात आले की तालुक्याच्या बाजारात मोबाइलच्या आणि टीव्हीच्या दुकानांत गर्दी होते. मागच्या वर्षी आमच्या मामांनीही असाच ४३ इंची फोर-के टीव्ही आणला. घरी फ्री डिशचा डबा जोडून मालिका लावली, तर मामी म्हणाली, "अहो, आपला जुनाच बरा होता की! ह्यात माणसांची तोंडं पुसट दिसायलीत." दुकानात तर चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. टीव्ही बिघडलेला नव्हता आणि दुकानदाराने फसवलंही नव्हतं. दुकानात पेन ड्राइव्हवरून फोर-के व्हिडिओ चालू होता आणि घरी साधं प्रक्षेपण येत होतं.

ही गोष्ट एकदा नीट समजली की खोक्यावरचे निम्मे शब्द आपोआप समजतात. टीव्हीवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती ठिपके, त्या आकड्याला रिझोल्यूशन म्हणायचं. साधं, म्हणजे एसडी प्रक्षेपण ७२० × ५७६ असतं, साधारण ४ लाख ठिपके. एचडी रेडी टीव्हीचा पडदा बहुतेक वेळा १३६६ × ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास. फुल एचडी १९२० × १०८०, म्हणजे २० लाखांच्या वर. फोर-के ३८४० × २१६०, जवळपास ८३ लाख. आता मामांचं बघा. पडदा ८३ लाख ठिपक्यांचा आणि डब्यातून येतात ४ लाख. बाकीचे ठिपके टीव्ही आजूबाजूच्या रंगांवरून अंदाजाने भरतो. याला अपस्केलिंग म्हणतात. महागडा टीव्ही हे काम जरा बरं करतो, पण जे चित्रात आलंच नाही ते तो कुठून आणणार? जुन्या छोट्या टीव्हीवर ही उणीव दिसत नव्हती, मोठ्यावर दिसली.

‘सपोर्ट’ या शब्दापासून सावध

खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘फुल एचडी सपोर्ट’ लिहिलेलं असतं आणि बाजूला बारीक अक्षरात १३६६ × ७६८. याचा अर्थ टीव्ही फुल एचडी सिग्नल घेतो, पण दाखवताना तो लहान करून एचडी रेडी पडद्यावर दाखवतो. ‘फोर-के सपोर्ट’चंही तसंच. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा, "पॅनलचं रिझोल्यूशन किती?" आणि तो आकडा बिलावर लिहून मागा. आकार सेंटीमीटरमध्ये दिला असेल तर ८० सेंमी म्हणजे ३२ इंच आणि १०८ सेंमी म्हणजे ४३ इंच. हे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं असतं.

मग घ्यायचा कोणता? आधी घरात टेप लावून बसायची जागा मोजा. ३२ इंची टीव्ही सात-आठ फुटांवरून पाहत असाल तर एचडी रेडी आणि फुल एचडी यातला फरक डोळ्याला फारसा कळत नाही. ४३ इंचाला त्याच अंतरावरून फुल एचडी आणि फोर-केचं तेच. फोर-केचे पैसे खरे वसूल होतात ते ५५ इंचापासून पुढे, जवळ बसून बघणाऱ्याला, आणि तेही फोर-के चित्र येत असेल तर. ४३ इंचात किमतीचा फरक अगदी थोडा असेल तर घ्या, पण त्यासाठी उसनवारी करू नका.

फोर-के येणार कुठून, हाही प्रश्न आहे. दूरदर्शनने २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत दाखवल्या. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांचे एचडी चॅनेल आता आहेत, पण ते पॅकमध्ये वेगळे घ्यावे लागतात. फ्री डिशवर बहुतेक चॅनेल एसडीच आहेत, आणि जुन्या एमपीईजी-२ डब्यावर एचडी चॅनेल दिसतच नाहीत. राहिलं इंटरनेट. फोर-के व्हिडिओला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो, फुल एचडीला ३ जीबीपर्यंत. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर मोबाइलचं हॉटस्पॉट लावून फोर-के सिनेमा पाहायचा म्हटलं तर मध्यंतराच्या आधीच पॅक संपेल. गावात फायबर आलं असेल तर गोष्ट वेगळी.

पिवळी-लाल-पांढरी वायर काढा

हे आम्ही बऱ्याच घरांत पाहिलंय. डबा एचडी, पॅक एचडी, महिन्याला जादा पैसे जातायत, आणि जोडणी मात्र जुन्या तीन रंगी वायरने. त्या पिवळ्या वायरमधून एचडी चित्र जातच नाही. चपट्या तोंडाची एचडीएमआय वायर लावा आणि डब्याच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८० करा. नवा टीव्ही घेण्याआधी एवढं करून बघा, कदाचित नवा घ्यावाही लागणार नाही.

एचडीआर म्हणजे एकाच चित्रात ऊन लख्ख आणि सावलीतलंही स्पष्ट दिसणं. त्यासाठी पडदा भरपूर उजेड देणारा लागतो. हा उजेड निट्समध्ये मोजतात. स्वस्त टीव्ही एचडीआर सिग्नल घेतो, पण पडद्यात तेवढा उजेड नसतो, त्यामुळे फरक जवळपास शून्य. नुसत्या या स्टिकरसाठी जादा पैसे देऊ नका. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा. मालिका, बातम्यांना ६० हर्ट्झ भरपूर झाले. १२० चा उपयोग मुख्यतः गेम खेळणाऱ्यांना.

एलईडी टीव्ही म्हणजे खरं तर एलसीडीच, फक्त मागे एलईडीचे दिवे. क्यूएलईडी म्हणजे त्यातच रंग खुलवणारा एक जादा थर. ओएलईडी मात्र वेगळा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो, आणि किंमतही तशीच. आपल्याकडे मॅचच्या वेळी बैठकीत पंधरा जण बसतात, निम्मे कडेला. तेव्हा दुकानात टीव्ही समोरून बघितलात तसा कडेला उभं राहूनही बघा. काही पडदे बाजूने फिके पडतात. आयपीएस पॅनल याबाबतीत बरं, व्हीए पॅनलचा काळा रंग जास्त गडद.

स्मार्ट टीव्ही घेणार असाल तर रॅम विचारा. १ जीबीवाला वर्षभरात रडकुंडीला आणतो, २ जीबी असलेला बघा.

विजेचं म्हणाल तर मागच्या लेबलवरचे वॅट बघा. १०० वॅटचा टीव्ही पाच तास चालला तर अर्धा युनिट जातं. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. प्लगही काढा आणि डिशची वायरही.

बिनानावाच्या स्वस्त टीव्हीवर बीआयएसचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या. तक्रार दुकानात ऐकली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि टीव्ही घरी आल्यावर खोकं आणणाऱ्या माणसासमोरच उघडून, चालू करून पाहा. फुटलेला पडदा सहसा वॉरंटीत बसत नाही, आणि तो माणूस एकदा गेला की टीव्ही कुणाकडून फुटला हे सिद्ध करणं अवघड होतं.