प्राचीन सूर्यग्रहणे

अमावास्येला चंद्र सूर्य व पृथ्वी यांच्यामध्ये आला की सूर्यग्रहण होते. मात्र दर अमावास्येला नव्हे, कारण चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे ५ अंश कललेली आहे. चंद्र पृथ्वीजवळ असल्यास त्याचे बिंब सूर्याला पूर्ण झाकते (खग्रास). दूर असल्यास कडेने तेजस्वी वलय उरते (कंकणाकृती). खग्रास वा कंकणाकृती ग्रहण पृथ्वीच्या अरुंद पट्ट्यातूनच दिसते; त्याच्या दोन्ही बाजूंना ते खंडग्रास दिसते. एकाच मार्गावर कुठे खग्रास, कुठे कंकणाकृती दिसण्याचा संकरित प्रकार विरळा.

असिरियाच्या नोंदींतील इ.स.पू. ७६३ मधील १५ जूनचे ग्रहण तेथील कालगणनेचा आधार ठरले. सर्वांत मोलाची नोंद मात्र बॅबिलोनची. इ.स.पू. १३६ मध्ये १५ एप्रिलला सकाळी तेथे सूर्य पूर्ण झाकला गेला. सूर्योदयानंतर २४ अंशांनी, म्हणजे ९६ मिनिटांनी, ग्रहण लागल्याचे तेथील ज्योतिर्विदांनी मातीच्या पाटीवर कीलाकार लिपीत टिपले. शुक्र व बुध दिसले. एरवी त्या दिवसांत अस्तंगत (सूर्यतेजात लपलेले) असलेले गुरू व मंगळही दिसले. ऐन दिवसा काळोख पसरला असताना इतके नेमके पाहणे ही असामान्य गोष्ट होय. पृथ्वीच्या परिवलनाचा वेग तेव्हापासून कायम राहिला असता, तर गणिताप्रमाणे त्या ग्रहणातील चंद्राची छाया बॅबिलोनच्या पश्चिमेला सुमारे ४९ अंशांवर पडायला हवी होती. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे परिवलन मंदावते आणि दिवस शतकामागे पावणेदोन मिलिसेकंदांच्या आसपास लांबतो, हे अशाच जुन्या पाट्यांवरून मोजता आले.