बोंडअळीवरील पहारा

“जालना सोने का पालना” ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. निजामी अमदानीत या गावाचा लौकिक त्याच्या पेठेमुळे होता. पुढे तो बियाण्यामुळे देशभर पसरला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी स्थापिली. भारतात लागवडीची संमती मिळालेले पहिले जनुकबदल पीक, म्हणजे बीटी कापूस, याच कंपनीने शेतकऱ्याच्या हाती दिले. त्या कापसाची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्याबरोबर एका किड्यावर जो पहारा ठेवावयाचा होता, त्याची हकीकत फारशी सांगितली जात नाही; आणि कापूस पिकविणाऱ्याचे नफानुकसान अखेर त्या पहाऱ्यावरच ठरले.

कापसाच्या बोंडावर तीन अळ्यांची धाड पडते. एक हिरवी, दुसरी ठिपक्यांची आणि तिसरी शेंदरी, जिला आज सर्रास गुलाबी बोंडअळी म्हणतात. यांतील तिसरी सर्वांत लबाड होय. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन सॉंडर्स नामक इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ साली केले, ते भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. पतंगाने घातलेल्या अंड्यातून निघालेली इवलीशी अळी फुलात शिरली, म्हणजे पाकळ्या एकमेकींना चिकटून फूल उमलेनासे होते. त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. ती कोवळ्या बोंडात शिरली, म्हणजे तिच्या प्रवेशाचे छिद्रही बुजून जाते. वरून बोंड निरोगी दिसते आणि आत सरकी खाल्ली जात असते. औषधाची फवारणी तेथवर पोहोचत नाही. हंगाम सरला की हीच अळी सरकीत किंवा वाळलेल्या बोंडात निपचित पडून राहते. सरकीत दडूनच ती हिंदुस्थानातून इजिप्तला गेली. तेथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ साली अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात उतरली.

अशा शत्रूवर जुन्या काळचा उपाय साधा होता: पीक निघाले की पऱ्हाटी उपटावी आणि काही महिने शेतात कापूस उभा राहू देऊ नये. किडीला खाद्य न मिळाले तर तिची साखळी आपोआप तुटते. मद्रास इलाख्यात १९१९ साली पिकांवरील कीड व रोग यांविषयी कायदा झाला आणि त्याच्या आधारे कंबोडिया कापसाच्या पऱ्हाट्या ठरल्या मुदतीत उपटणे शेतकऱ्यांवर बंधनकारक करण्यात आले.

नव्या उपायाचा उगम एका जिवाणूत आहे. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना मेलेल्या रेशीमकिड्यांत तो आढळला. पुढे जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात बर्लिनर यांनी त्याचा अभ्यास करून त्या प्रांतावरून त्याला नाव दिले. या जिवाणूतील एक प्रथिन अळीच्या आतड्याला भोके पाडते. माणसाला वा गुराला त्याची बाधा होत नाही. ते प्रथिन घडविणारे जनुक अमेरिकेत कापसाच्या झाडात बसविले गेले. तेथील अवघे १०० ग्रॅम बियाणे महिकोने १९९६ साली आणविले आणि देशी वातावरणाला सरावलेल्या वाणांशी त्याचा पुनःपुन्हा संकर केला. जालन्याजवळील दावलवाडी येथे या कंपनीचे संशोधन केंद्र आहे. अनेक वर्षांच्या चाचण्यांनंतर २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने तीन संकरित वाणांच्या लागवडीस अनुमती दिली.

ही अनुमती सशर्त होती, आणि त्या अटींतच पहाऱ्याचे सारे मर्म आहे. शेताच्या सभोवार साध्या कापसाच्या पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे अधिक असेल तेवढे साधे कापूस लावावयाचे होते. त्याकरिता ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमचे दुसरे लहान पाकीट दिले जाई. जाणूनबुजून किडीला खाऊ घालावयाचे, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. परंतु त्यामागील विचार खोल आहे. असंख्य अळ्यांत एखादीच अशी निपजते की, जिला विष बाधत नाही. बीटी शेतात बाकीच्या मरतात आणि ती उरते. तिच्यासारखाच दुसरा वाचलेला जोडीदार तिला मिळाला, तर पुढची सारी प्रजा विष पचविणारी होईल. उलट, शेजारच्या साध्या कापसावर वाढलेल्या हजारो पतंगांपैकी एकाशी तिचा संग झाला, तर बहुधा त्यांची संतती विषाला बळी पडेल. त्या पाच ओळी म्हणजे औषधाचा गुण पुढील पिढ्यांसाठी राखून ठेवणारी कोठी होती.

कोठी रिती होत आहे की नाही, हे पाहणे शास्त्रज्ञांचे काम. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे आणि इतर प्रयोगशाळांकडे निरनिराळ्या जिल्ह्यांतील किडकी बोंडे जात. त्यांतील अळ्या वाढवून त्यांच्या नवजात संततीला कृत्रिम खाद्यात मोजून मिसळलेले विष देत आणि काही दिवसांनी मेलेल्या व जगलेल्या अळ्यांची गणती करीत. निम्म्या अळ्या मारण्यास लागणारी मात्रा दरसाल वाढत गेली, तर ती धोक्याची घंटा समजावयाची.

प्रयोगशाळेतील हा पहारा चालू राहिला; शेतातला मात्र बसलाच नाही. दोन-तीन एकरांच्या धन्याला पाचवा हिस्सा अळीच्या स्वाधीन करणे परवडण्याजोगे नव्हते. त्याचा तोटा त्याच वर्षी त्याच्या पदरी पडणार आणि लाभ मात्र दहा वर्षांनी साऱ्या पंचक्रोशीला मिळणार! लहान पाकीट बहुधा बांधावरच राहिले. काही पाकिटांत साध्या कापसाऐवजी तूर येऊ लागली. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो असे पुष्कळ काही खाते, म्हणून तिच्यापुरती तूर उपयोगी होती. शेंदरी अळीचा संसार मात्र मुख्यतः कापसावरच चालतो. तुरीच्या ओळी तिच्या दृष्टीने नसल्यासारख्याच होत्या. त्यात फरदडीची भर पडली. शेवटच्या वेचणीनंतरही पाणी देऊन कापूस उन्हाळ्यापर्यंत उभा ठेवण्याची चाल वाढली आणि पूर्वी उपाशी मरणाऱ्या अळीला बारमाही अन्नछत्र मिळाले.

घंटा प्रथम गुजरातेत वाजली. २००८ साली अमरेली भागातून गोळा केलेल्या अळ्या पहिल्या विषाला दाद देत नाहीत, असे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना आढळले. मार्च २०१० मध्ये जनुकाच्या मालक कंपनीनेही गुजरातच्या चार जिल्ह्यांत तसे घडल्याचे जाहीर केले. या निष्कर्षांवर वाद झाले. दरम्यान २००६ पासून दोन विषांचा कापूस बाजारात आला होता. दोन कुलपे एकदम उघडणे चोराला कठीण, ही त्यामागची कल्पना. परंतु पहिल्या कुलपाची किल्ली अळीला मिळून गेल्यावर उरले एकच कुलूप. २०१४ च्या सुमारास गुजरातेत तेही उघडल्याचे दिसू लागले. नागपूरच्या संस्थेने २०१३ ते २०१७ या काळात तपासलेल्या अळ्यांत दोन्ही विषांविरुद्धचे बळ कित्येक पटींनी वाढलेले निघाले.

म्हणजे पहारेकऱ्याने हाक दिली नाही, असे कोणास म्हणता येणार नाही. तरीही २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याने बोंड फोडून पाहिले, तेव्हा आत किडकी, पिवळी पडलेली रुई आणि शेंदरी अळी होती. जालना जिल्ह्याच्या काळ्या रानातही हीच अवकळा आली. कित्येकांनी उभ्या पिकात नांगर घातला आणि राज्य शासनाला मदत जाहीर करावी लागली. बारवाले यांचे त्याच वर्षी जुलै महिन्यात निधन झाले होते.

या अळीपुढे सर्वांनीच हात टेकले, असे मात्र नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतात शेतकऱ्यांनी साध्या कापसाचे पट्टे राखले, दरसाल अळ्यांची परीक्षा होत गेली. २००६ पासून विमानांतून वांझ पतंगांचे थवे सोडण्यात आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या देशाने ही कीड आपल्या कापसातून नाहीशी झाल्याचे घोषित केले. टेक्सासमध्ये उतरल्यापासून एक शतक लोटले होते. चीनमध्ये यांग्त्झी नदीच्या खोऱ्यात दुसऱ्या पिढीचे संकरित बियाणे पेरले गेले. त्यातील चौथा हिस्सा झाडे आपोआपच साधी निघत. परिणामी अळीत वाढू लागलेली प्रतिकारशक्ती पुन्हा उतरली. येथे कोणाला त्यागाचा उपदेश करावा लागला नाही. आश्रयाचे बी पिशवीतच मिसळलेले होते. भारतातही साधे बी बीटी बियाण्यातच मिसळून देण्याची योजना आली. परंतु तोवर अळीने दोन्ही विषे पचविली होती.

२०१७ नंतर मराठवाड्याच्या शेतकऱ्याला जो उपदेश केला जातो, तो ऐकून मद्रासच्या जुन्या कायद्याची आठवण होते. हंगामापूर्वी पेरू नये, फरदड घेऊ नये, डोमकळ्या वेचून नष्ट कराव्या, पऱ्हाटी वेळेवर काढावी. नवी गोष्ट कामगंध सापळ्याची. एका सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजावयाचे. सापळा शेतात असतो आणि त्यातील पतंग शेतकरी स्वतः मोजतो. प्रयोगशाळेची हाक वर्षांनी कानी पडे. ही गणती त्याच रात्रीची असते. पंधरा वर्षे जो पहारा दुसऱ्याच कोणाचा म्हणून समजला गेला, तो अशा रीतीने बांधावर आला. मात्र पतंगाला बांध ठाऊक नाही. एकाने पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने उभी ठेवली, तर दोघांच्याही बोंडांत तोच पाहुणा येतो.