मुन्शी घाटासमोरून गेलेली नाव

काशीत अहिल्याबाई घाटाला लागून मुन्शी घाट आहे. नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचं नाव त्याला मिळालं. 1915 मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी तो विकत घेतला, तरी नागपूरकरांचं नाव काही पुसलं गेलं नाही.

12 मार्च 2018 ला याच घाटासमोरून एक सजवलेली नाव गेली. आत पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन. आदल्या दिवशी दिल्लीत आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची स्थापना परिषद झाली होती आणि त्या दिवशी मिर्झापूर जिल्ह्यातल्या दादर कलां गावी 75 मेगावॅटच्या सौर प्रकल्पाचं उद्घाटन उरकून पाहुणे काशीत आले होते.

त्यामागे पॅरिसचा शब्द होता. 2030 पर्यंत वीजक्षमतेचा 40 टक्के वाटा कोळसा-तेल-वायूविना, असं भारताने 2015 मध्ये कळवलं. 2022 मध्ये तो 50 टक्के केला आणि 2025 च्या मध्यात, म्हणजे पाच वर्षं आधीच, गाठलाही. याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण शब्द नीट वाचा: स्थापित क्षमता. फौजेत पटावरची संख्या एक आणि परेडला उभे असलेले जवान वेगळे; कोणी रजेवर, कोणी कोर्सवर, कोणी इस्पितळात. सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीत क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच वीज देतो. म्हणून क्षमता निम्मी झाली, तरी प्रत्यक्ष विजेत सुमारे तीन चतुर्थांश वाटा अजून कोळशाचाच.

शिवाय वेळेचा प्रश्न. दशाश्वमेधावर आरती सुरू होते तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात. त्या वेळी ग्रिड कोळशावर रेलतं. एनटीपीसीचं पहिलं केंद्र, सिंगरौली, 1982 पासून चालू आहे. आज त्याची क्षमता 2000 मेगावॅट. ते आहे सोनभद्र जिल्ह्यात, आणि सोनभद्र 1989 पर्यंत मिर्झापूरचाच भाग होता! दादर कलांचा सूर्य आणि सिंगरौलीचा कोळसा, दोघांचा जुना जिल्हा एकच.

उपाय आपल्या सह्याद्रीत आहे. घाटघरचा 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प 2008 पासून जादा विजेवर पाणी वरच्या धरणात चढवतो आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज काढतो. आखणी झाली तेव्हा जादा वीज रात्रीची, कोळशाची असायची. आता ती दुपारची, उन्हाची असू शकते. अशा प्रकल्पांचे महाराष्ट्राने अलीकडे बरेच करार केलेत. उभे राहिलेले अजून मोजकेच आहेत.