गरुडांची खातेवही

कॅनडातील विनिपेग शहरी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले चार्ल्स ब्रोली हे गृहस्थ 1939 साली, साठीच्या उंबरठ्यावर मनुष्य आरामखुर्चीची जागा ठरवू लागतो त्या वयात, फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील उंच वृक्षांना दोरशिडी लावून चढू लागले, ते शेंड्यावरच्या घरट्यांतील गरुडपिलांच्या पायांत क्रमांकाचे कडे घालण्यासाठी. या कामाला वेतन नव्हते, आणि घरटीही अशी अवाढव्य, की त्याच किनाऱ्यावर सेंट पीटर्सबर्गजवळ पुढे मोजलेले एक घरटे सुमारे 6 मीटर खोल भरले.

या पक्ष्याला इंग्रजीत ‘टकला’ म्हणतात, तो निव्वळ अन्याय होय. त्याचे मस्तक शुभ्र पिसांनी भरगच्च असते आणि श्वेतशीर्ष गरुड हेच नाव त्याला साजते. 1782 मध्ये अमेरिकेने त्याला आपल्या राष्ट्रमुद्रेवर बसविले खरे, परंतु मुद्रेवरचा गरुड वंद्य आणि रानातला गरुड उपद्रवी, हा दुजाभाव तेथील सरकारदरबारी दीर्घकाळ नांदला. अलास्का प्रांतात तर 1917 पासून गरुड मारून त्याचे पाय हजर करणारास खजिन्यातून रोख इनाम मिळे, आणि अशा रीतीने लाखाहून अधिक पक्षी दफ्तरी दाखल झाले. 1940 साली संरक्षणाचा कायदा झाला, त्यातूनही अलास्का प्रथम वगळलेलेच होते.

ब्रोलींनी टॅम्पापासून फोर्ट मायर्सपर्यंतचा किनारा आपल्या देखरेखीखाली घेतला. तेथे आरंभी वर्षाकाठी सुमारे 125 घरटी वसती आढळत व दीडशेच्या आसपास पिलांना कडी चढत. 1949 पर्यंत कडी चढलेल्या पिलांची एकूण संख्या हजारावर गेली, आणि त्यापूर्वीच्या साऱ्या काळात मिळून अवघ्या 166 गरुडांना कडी घातली गेली होती हे ध्यानी घेतले म्हणजे या वृद्धाच्या चिकाटीचे माप कळते. फ्लोरिडाचे गरुड घर सोडीत नाहीत, हा पंडितांचा समजही या कड्यांनीच खोटा पाडला, कारण ती थेट कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटापर्यंत सापडली.

मात्र 1947 पासून या खात्यात तूट दिसू लागली, आणि ज्याचे आयुष्य ताळेबंद जुळविण्यात गेले त्याच्या नजरेतून ती सुटणे शक्य नव्हते. 1957 मध्ये वसती घरटी राहिली 43. पैकी 7 घरट्यांत मिळून 8 पिले, 23 घरट्यांत न उबलेली अंडी, आणि उरलेली 13 केवळ भक्ष्य खाण्याच्या जागा. पुढल्या वर्षी शंभर मैल किनारा पालथा घातल्यावर एक पिल्लू हाती लागले. ब्रोलींचा संशय डी.डी.टी. या कीटकनाशकावर होता; 1959 मध्ये ते वारले, आणि 1962 साली अमेरिकन लेखिका रेचेल कार्सन यांनी कीटकनाशकांवरील आपल्या ग्रंथात त्यांचे आकडे साक्षीला बोलाविले. हे विष माशांवाटे गरुडाच्या देहात साठते आणि अंड्याचे कवच पातळ होते, हे पुढे सिद्ध झाले. 1972 मध्ये डी.डी.टी.वर बंदी आली. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर 1963 साली पाचशेहून कमी जोड्या उरल्या होत्या, त्या 2007 मध्ये 9,789 झाल्या.

फ्लोरिडात 1992 पासून ऑड्युबॉन या पक्षिसंरक्षक संस्थेचे स्वयंसेवक हेच काम चालवितात. आता झाडावर चढावयाचे नाही. दूर उभे राहून दुर्बिणीने पाहावयाचे, अंडी, पिले, उड्डाण यांच्या तारखा टिपावयाच्या, आणि घरटे रिकामे आढळले तर तेही न चुकता मांडावयाचे.