सॅम्पल, गणित आणि मिरजेची जवारी

मरोळच्या माझ्या खोलीत खरा पियानो मावणार नाही, म्हणून लॅपटॉपवर दोन ठेवलेत. एक सॅम्पलवाला. खऱ्या पियानोची पट्टी न् पट्टी हळू-जोरात वाजवून रेकॉर्ड केलेली, त्यात कित्येक जीबी गेले. दुसरा २००६ साली फ्रान्समध्ये आलेला पियानोटेक. यात रेकॉर्डिंगच नाही, तारेचं आणि हातोडीचं गणित तिथल्या तिथे सोडवून आवाज बनतो. काही एमबीत काम होतं.

तारेचं हे गणित आपल्याकडे जुनं आहे बरं का! १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी तानपुऱ्यावर लिहिलं. नियमाप्रमाणे तार जिथे छेडली, त्यानुसार काही वरचे स्वर उमटायलाच नकोत. तानपुऱ्यात तेही ऐकू येतात! कारण बाकदार घोडी आणि तारेखालचा दोरा. हीच जवारी. मिरजेचे कारागीर ती एकोणिसाव्या शतकापासून घोडी घासत, कानाने ऐकत लावतात. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला जीआय मिळाला.

तानपुऱ्याचं सॅम्पल म्हणजे त्या एका दिवशी लागलेली जवारी. पट्टी फार चढवली की आवाज पातळ होतो. मॉडेलमध्ये दोरा सरकवता येतो, पण थांबायचं कुठे हे कोडला कळत नाही. पियानोसाठी मी मॉडेलच घेतलं. तानपुऱ्याचा स्लायडर अजून हलवतोय, शेजारी भिंत ठोकतायत.