देवराईतली वाळकी काडी

सह्याद्रीतली रानात वागायची शिस्त १९२७च्या वन कायद्याहून कितीतरी जुनी आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांचा, अभ्यास केला, तेव्हाही अनेक गावांत राईतली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी नेत नसे. पडलेलं झाड जागीच कुजे, त्यावर अळंबी उगवे. ही देवाची भीती होती, निसर्गप्रेम नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. भीती होतीच. पण नड असली की काही ठिकाणी देवाला कौल लावून मोजकं लाकूड घेतलं जाई; म्हणजे वापर किती करायचा, हे गाव विचारपूर्वक ठरवत होतं. आज भटकंतीला आलेले लोक शेकोटीसाठी तीच काडी बिनदिक्कत उचलतात. श्रद्धा नसलेल्या पाहुण्याने हा नियम का पाळावा? कारण ती काडी कुजूनच तिथल्या रोपांची माती होते.